दोन्ही बाजूंनी नावं

मोठ्या नणंदेला तिने सहा नंबरच्या टेबलावरून उचललं आणि मुठीत लपवलं. नणंद म्हणजे तिच्या नावाची गुलाबी चिठ्ठी, आणि टेबल म्हणजे पुठ्ठ्यावर काढलेला गोल. तीच नणंद दोन नंबरच्या टेबलावरही बसलेली होती. तिथे तिला राहू दिलं. एकच बाई एका वेळी दोन ठिकाणी जेवायला बसू शकत नाही, मग ती नणंद का असेना.

मास्तर पाणी प्यायला आत गेले होते. ते यायच्या आत तिने भरभर बाकीची टेबलं पाहून घेतली. चार नंबरवर नऊ माणसं होती, खुर्च्या आठ. खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर तर कुठेच नव्हते. त्यांची चिठ्ठी चिठ्ठ्यांच्या डब्याच्या तळाशी सापडली. नववा माणूस उचलून तिने पाचावर नेला, शेजारी कंपाउंडरांना बसवलं, आणि पुन्हा खुर्चीत टेकली. जणू इतका वेळ नुसती हातावर हात ठेवून बसली होती.

मास्तरांनी सव्वीस वर्षं शाळेचं वेळापत्रक केलं होतं. चाळीस शिक्षक, बावीस वर्ग, आणि एकदाही कुणाचा तास कुणाच्या तासावर आदळला नाही. ज्या दोन बाईंचं विळ्याभोपळ्याचं सख्य, त्यांना एकाच वेळी मोकळा तास मिळणार नाही, एवढीही काळजी ते घ्यायचे. म्हणूनच रिसेप्शनला कोण कुठे बसणार हे ठरवायचं काम लेकीने हक्काने बापावर टाकलं होतं, आणि बाबांइतकं हे कुणालाच जमणार नाही, असं सासरी छाती ठोकून सांगूनही आली होती. दहा टेबलं, ऐंशी माणसं. पूर्वी मास्तरांनी चहा निवायच्या आत उरकलं असतं. आज चौथा दिवस होता.

तिच्या ध्यानात येऊन आठ महिने झाले होते. एकदा मास्तर एक मजला आधीच थांबून कंपाउंडरांच्या कुलपात आपली किल्ली फिरवत बसले होते. एकदा स्वतःच्याच जुन्या हेडमास्तरांशी अर्धा तास बोलले आणि ते गेल्यावर हळूच विचारलं, हे गृहस्थ कोण. ती एकटीच डॉक्टरांना भेटून आली. त्यांना घेऊन या, डॉक्टर म्हणाले. लग्न होऊ दे, लेक जाऊ दे, मग आणते, असं म्हणून ती उठली. रिसेप्शननंतर बाराव्या दिवशी लेक-जावई परदेशी जायचे होते, दोघांनाही तिथे नोकरी मिळाली होती. लेकीला नुसता वास लागला असता, तरी तिने तिकीट फाडून इथेच ठाण मांडलं असतं. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण ती थकली होती, अगदी हाडापर्यंत. लग्न पाहावं करून म्हणतात, ते खरंच आहे. पण लग्नाच्या कामाने थकलेलं माणूस निदान पडल्या पडल्या झोपतं. हे काम तसं नव्हतं. रस्त्यात कुणी भेटलं की मास्तरांच्या आधी आपण तोंड उघडायचं, आणि पहिल्याच वाक्यात समोरच्याचं नाव पेरायचं. घरात त्यांच्या मागे मागे फिरायचं, पण मागे फिरतोय हे कळू द्यायचं नाही. वर सकाळपासून फोन. धाकट्या दिराला स्टेजजवळची जागा हवी होती. मावशीला पंख्याखालची नको होती. विहीणबाईंनी आडून आडून सुचवलं होतं की व्याह्यांना मास्तरांच्या शेजारीच बसवा, दोघांच्या गप्पा होतील. व्याही कोर्टात शिरस्तेदार होते. उलटतपासणी घेतल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे.

मास्तर परत आले, टेबलांवर नजर फिरवून बसले.

चारच्या सुमारास लेक छापखान्यातून आली. प्रत्येक खुर्चीपुढे ठेवायच्या कार्डांचा नमुना तिने टेबलावर उभा केला. जाड पांढरा कागद मधोमध दुमडलेला, एका बाजूला पाहुण्याचं नाव. कसं आहे, म्हणाली. आई म्हणाली, छान आहे. मास्तरांनी कार्ड हातात घेतलं, उलटलं, कोऱ्या बाजूकडे बराच वेळ पाहत राहिले.

"इकडेही नाव हवं," ते म्हणाले.

लेक हसली. बसणाऱ्याला आपली जागा कळली म्हणजे झालं, मागे कशाला, असं तिचं म्हणणं.

"समोरच्याला नको का कळायला? दोन्ही घरची माणसं. एकमेकांना कुठून ओळखणार? आणि खाली नातंही घाला. मुलाचे मामा, मुलीची आत्या, असं. ठळक अक्षरात."

"बघ, आई," लेक म्हणाली, "हे आपल्याला सुचलं होतं का?"

लेकीने छापखान्यात फोन लावला. एवढ्या घाईत दोन्ही बाजू छापून मिळणार नव्हत्या. मग कोरी कार्डंच द्या, आम्ही घरी लिहू, असं मास्तरांनीच परस्पर सांगून टाकलं. पाऊण तासात लेक एक गठ्ठा आणि चार काळे स्केचपेन टाकून, ब्लाउज आणायला शिंप्याकडे पळाली.

दार बंद झालं. मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"मोठीला कुठल्या टेबलावरून काढलंस?"

तिची मूठ अजून मिटलेलीच होती. आतली चिठ्ठी घामाने मऊ झाली होती.

"सहा," ती म्हणाली.

"बरं केलंस."

तिला वाटलं, आता रडू येईल. पण रडायलाही अंगात जोर लागतो. तिने नुसती मूठ उघडली आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. कधीपासून माहीत आहे, तिने विचारलं. तुझ्या आधीपासून, ते म्हणाले. तू घाबरशील म्हणून बोललो नाही.

"पोरीला कळायला नको. विमानात बसेपर्यंत तरी."

"नाही कळणार."

"व्याह्यांना माझ्या शेजारी नको बसवू. समोर बसव. समोर कार्ड दिसेल."

दोघं लिहायला बसली. ती यादी वाचायची, मास्तर लिहायचे. त्यांचं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखंच होतं, सरळ आणि सुटं. मामा, मामी, आत्या, मुलाचा मित्र. काही नावांपाशी ते थांबायचे, तेव्हा ती माणसाची एखादी खूण सांगायची: उंच, तोतरं बोलतो, आपल्याला प्रेशर कुकर दिला होता. मग मास्तर मान हलवायचे. त्यांना खरंच आठवलं की नुसतं तिच्या समाधानासाठी, हे तिने विचारलं नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला कुणाच्या पुढे धावायचं नव्हतं.

एक नंबरचं टेबल शेवटी घेतलं. व्याही झाले, विहीणबाई झाल्या, जावई, लेक. मास्तरांचा हात आता दुखायला लागला होता, म्हणून पेन तिने घेतलं. शेवटी एक कोरं कार्ड उरलं. तिने ते बाजूला सारलं आणि डबा आवरायला घेतला.

मास्तरांनी कार्ड पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.

"हे तुझं."

"मला कशाला? मी तुमच्या शेजारीच असणार."

"तरी लिही."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते कार्डाकडेच पाहत होते. ती खाली बसली आणि आपलं नाव लिहिलं. नात्यापाशी तिचा हात थांबला.

"पत्नी नको लिहूस," मास्तर म्हणाले. "ती सरकारी कागदावर असते. बायको लिही."

तिने लिहिलं. शाई वाळू दिली, कार्ड उलटलं, आणि पुन्हा लिहिलं.