चांदपाशांचा शब्द

ताटात भात होता, तळलेली मिरची होती, कांद्याची फोड होती. डाळ नव्हती. आंबट डाळीचं पातेलं चांदपाशांच्या हातापासून वीतभर लांब, झाकण काढून ठेवलेलं होतं आणि लसणाच्या फोडणीचा वास घरभर पसरला होता.

चांदपाशांनी डावा हात पातेल्याकडे केला. उजवा मांडीवर पडून होता, कुणी सांभाळायला दिल्यासारखा.

"क्या होना?" बायकोनं, जाहिदानं, काय पाहिजे ते विचारलं.

त्यांनी पुन्हा बोट दाखवलं.

"बोट दिख्या मेरेकू. बोलो जी. क्या होना?"

ओठ हलले. घशातून नुसता एक घोगरा आवाज निघाला. कपाळावरची शीर फुगली. समोर बसलेल्या मुलाला, यासेरला, ते बघवेना.

"अब्बा, दा..."

"यासेर!"

जाहिदाचा हा आवाज उदगीरच्या मराठी शाळेत भरलेला वर्ग एका दमात गप्प करायचा. निवृत्त झाल्या तरी तो कपाटात घडी करून ठेवल्यासारखा शाबूत होता.

"अम्मी, नको करो ना ऐसा. भुके हैं उनो."

"भुके हैं, मालूम है. मैंच पकाई."

चांदपाशांनी ताट ढकललं. भात सतरंजीवर सांडला. जाहिदानं तो निगुतीनं गोळा केला, दुसरं ताट आणलं आणि आता मुकाट्यानं डाळ वाढली. उपाशी ठेवायचं नाही, पण विचारल्याशिवाय वाढायचंही नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

हिवाळ्यात चांदपाशांना लकवा मारला तेव्हा लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "यांना कळतं सगळं. शब्द आत आहेत, बाहेरची वाट बुजलीय. वेळ द्या. आणि त्यांचा शब्द तुम्ही बोलू नका." घरचं माणूस मायेचं, ते कसलं थांबतंय! पानी होना? चाय होना? पंखा लगाऊँ? विचारणारे दहा आणि मान हलवणारे एक. उभ्या दालमिलवर ज्यांचा आवाज चालायचा, ते चांदपाशा मिस्त्री नुसती मान हलवून दिवस काढायला लागले. मग परवा घरी आलेल्या एका पाहुण्यानं, ते समोर बसलेले असताना, जाहिदाला विचारलं, "इनकू चाय चलती क्या?"

चांदपाशांनी पाहुण्याकडे पाहिलं आणि हळूच तोंड भिंतीकडे केलं. त्याच घडीला जाहिदानं मनाशी गाठ मारली. बाकी काही येवो न येवो, या माणसानं आपल्याला काय पाहिजे ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आणि सुरुवात ज्यावर त्यांचं आयुष्य गेलं, त्या डाळीपासून करायची.

दुपारी मिलमधला सोबती सिद्धलिंग भेटायला आला, तेव्हा जाहिदा नवऱ्याच्या डाव्या तळहातावर तूर ठेवून बसल्या होत्या. तिसरीच्या पोरांना शिकवावं तसं चाललं होतं.

"हा एक दाणा. फुटला की दोन दलं. दल म्हणजे फुटून वेगळा झालेला भाग. फुलाची पाकळीही दलच. त्यातूनच आपली दाल निघाली. पुस्तकात डाळ, बाजारात दाळ, आपल्या घरात दाल. तुमच्या मिलमधी ओडिशाची माणसं होती, ती काय म्हणायची? डाली. आठवलं?"

चांदपाशांचे डोळे हलले. आठवलं होतं.

"बंगालात डाल. गुजरातचा व्यापारी फोनवर काय म्हणायचा? दाळ. पंजाबात, नेपाळात जा, दालच. एवढ्या मुलखांत फिरलेला शब्द आहे, तुमच्या जिभेपर्यंत यायला त्याला किती वेळ लागतोय?"

"आमच्या घरी न्हाई आला तो," सिद्धलिंग दारातूनच म्हणाला. "आमची माय बेळे म्हणती. सगळा देश हिंडला भाभी तुमचा शब्द, अन् आमच्या कानडी उंबऱ्यापाशी येऊन बसला!"

चांदपाशा हसले. तोंडाच्या एकाच बाजूनं, पण हसले.

"बसा भाऊ," जाहिदा म्हणाल्या. "मिलचं सांगा काहीतरी. माझं ऐकून कंटाळलेत."

"काय सांगावं? नवा मिस्त्री ठेवलाय. लई शिकलेला हाय म्हणं." सिद्धलिंग खाली टेकला. "काल तुरीला पाणी मारलं अन् वाळू न देताच लावली की मशीनला!"

चांदपाशांची मान ताठ झाली.

"मग काय, निम्मी चिकटली, निम्मीचा चुरा. पोत्यात हात घातला तर नुसतं पीठ. मी म्हणलं, आमचा चांदपाशा असता तर..."

तळहातावरची तूर उधळली. चांदपाशांनी डाव्या हाताची मूठ आपटली. मान, खांदा, छाती, सगळं अंग एका आवाजामागे लागलं.

"दा... दा... दाल!"

सिद्धलिंग उठून उभा राहिला. "भाभी! ऐकलंव का?"

जाहिदानं हात वर करून त्याला थांबवलं. आवाज वर्गातलाच होता. "फिरसे बोलो."

"दाल."

"शाबास."

संध्याकाळी ताटावर बसताच चांदपाशांनी पातेल्याकडे बघून, बोट न दाखवता, म्हटलं, "दाल." यासेरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं इतकी वाढली की भात दिसेना.

जेवता जेवता चांदपाशांना ठसका लागला. "दाल," ते म्हणाले. यासेरनं पळी पुढे केली. त्यांनी मान हलवली, गळ्याला हात लावला. "दाल. दाल!"

"पानी, अब्बा?"

त्यांनी होकारार्थी मान डोलावली.

हात धुवायचा तेव्हाही दाल. खिडकी लावायची तेव्हाही दाल. प्रत्येक वेळी ते दुसरंच काही म्हणायला निघत आणि तोच शब्द बाहेर येई. त्यांनाही ते ऐकू येत होतं. शेवटी ते, कुणी काही विचारायच्या आत उठून, भिंतीला धरत, आतल्या खोलीत गेले.

"अम्मी," यासेर हळू म्हणाला, "एकीच लफ्ज आया."

"एक तर आया." जाहिदा ताटं आवरत होत्या. "कल पानी लेंगे. परसों फिर पानीच लेंगे. मेरेकू कहाँ जाना है?"

त्या भांडी घासायला बसल्या. राख नव्हती, साबण नव्हता, तरी कोरडंच पातेलं घासत राहिल्या. यासेरनं साबणाची वडी आणून शेजारी ठेवली.

आतून हाक आली. मोठी, ठाम, मिलमध्ये मशिनींच्या गोंगाटावरून द्यायचे तशी.

"दाल!"

"अब क्या होना उनकू?" यासेर उठला. "पानी देऊँ? पंखा?"

"बैठ तू," जाहिदा म्हणाल्या. "मेरेकू बुला रहे."

हात ओढणीला पुसत त्या उभ्या राहिल्या.

"जी," त्यांनी आवाज दिला, "आयी."