पश्चात एक मुलगी

घरातलं माणूस गेल्याची बातमी देतानासुद्धा लोक मोबाईलवर विसंबतात, हे आधी मला सांगून टाकू द्या. "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे" हे वाक्य उभ्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण मोबाईलवर "पश्चात" लिहायला घेतलं की तो मेला आगाऊपणा करून "पश्चात्ताप" सुचवतो आणि घाईत बोट नेमकं त्याच्यावर पडतं. मग आमच्याकडे मजकूर येतो, "त्यांच्या पश्चात्ताप पत्नी, दोन मुले." दहा निधनवार्तांत चार तरी पश्चात्तापाच्या. बावीस वर्षं मी असलीच धुणी धुतेय.

मी सगुणा. नाशिकला शालिमारजवळच्या एका दैनिकात "शहरात आज" हे पान बघते. कुठल्या मंगल कार्यालयात साड्यांचा सेल लागलाय, कॉलेज रोडला कोणी नवीन कॅफे टाकलाय, कुठलं नाटक लागलंय, कोणाचा वाढदिवस आहे आणि कोण गेलं, हे सगळं एकाच पानावर. सुरुवातीला मला त्यानं कसंसंच व्हायचं. आता होत नाही.

पान लावणारे मुस्तकीमभाई माझ्याइतकेच जुने. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच वैतागून एक सोय केली. व्हॉट्सॲपवर आलेला सगळा मजकूर एका फाइलीत ओतायचा आणि एक कळ दाबायची. जिथं जिथं "पश्चात्ताप" असेल तिथं आपोआप "पश्चात" होणार. मी विचारलं होतं, "आणि कोणी खरंच पश्चात्ताप लिहिला असेल तर?"

ते हसले. "ताई, निधनाच्या कॉलमात कोण करतंय पश्चात्ताप? इथे सगळेच मनमिळाऊ आणि परोपकारी!"

खरंच होतं ते. मी कळ दाबायला लागले.

माझे दोन नियम होते. छापण्याआधी दिलेल्या नंबरवर फोन करून मजकूर वाचून दाखवायचा. आणि घरच्यांनी दिलं तेच छापायचं, शब्द कमी नाही की जास्त नाही. मागच्या दिवाळीत पंचवटीतून गोजराबाई म्हणून एक म्हातारी आली होती. तिचा भाऊ गेलेला आणि पुतण्यांनी मजकुरात बहिणीचा उल्लेखच केला नव्हता. "बाई, येकच शब्द हाय. त्याला जागा ती किती लागंल?" म्हणत तासभर बसून राहिली. मी म्हटलं, आजी, पुतण्याला फोन करायला सांगा, मी लगेच घालते. पुतण्याचा फोन काही आला नाही. म्हातारी उठून गेली आणि मी चहा मागवला. आता ते आठवलं की माझाच मला राग येतो.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी मी रोजच्यासारखी फाइल भरली, कळ दाबली आणि वाचायला घेतलं. तिसरी बातमी अशी होती:

"सायखेडा येथील नाथा पुंजा खालकर (वय ७९) यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्यावर गोदाकाठी अंत्यसंस्कार करण्यात आले. त्यांच्या मागे दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. पश्चात एक मुलगी."

नाथा पुंजा खालकर म्हणजे माझे वडील. आबा.

अल्पशा आजाराने. हे दोन शब्द मी हजारो वेळा छापलेत, पण अल्पसा म्हणजे किती दिवस, असं कधी कोणाला विचारलं नव्हतं. अंत्यसंस्कार करण्यात आले, म्हणजे सगळं उरकलंसुद्धा. नाशिकहून सायखेडा तासाभराच्या वाटेवर आणि मला हे माझ्याच खुर्चीत बसून कळतंय.

नऊ वर्षांपूर्वी भावांनी मला निफाडला बोलावलं होतं, हक्कसोडपत्रावर सही करायला. जमिनीवरचा हक्क सोडते म्हणून बहिणीनं सही करायची, साडीचोळी घ्यायची आणि हसतमुखानं घरी जायचं, ही आमच्याकडची रीत. कागद तयार होता. जागेवर फक्त अंगठ्याची शाई उघडायची बाकी होती. मला जमीन नको होती हो, देवाशपथ सांगते. पण "सगू, तुझं काय म्हणणं?" एवढं एक वाक्य तरी कोणी बोलायला हवं होतं! मी सही केली नाही. आबा कचेरीच्या आवारात, चारचौघांत म्हणाले, "आजपासून मला मुलगी नाय." मीही त्यांचीच. परत त्या उंबऱ्याला पाय लावला नाही. पुढे ना मी हिस्सा मागितला, ना कोणी मला दिवाळीला बोलावलं.

आणि आता हे! परिवार आहे, पूर्णविराम. आणि मग पंगत उठल्यावर आठवलेल्या पाहुण्यासारखी, बाहेर, पश्चात एक मुलगी. परिवारात नाही, वगळलीही नाही. नावं ठेवायला कोणी येऊ नये म्हणून शेपटाला चिकटवलेली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, भीक नको पण कुत्रा आवर. नाही तर नाही, सरळ नाही म्हणा.

मी ते शेवटचं वाक्य खोडून टाकलं.

"ताई, फोन झाले सगळे?" मुस्तकीमभाईंनी पलीकडून विचारलं.

"झाले," मी म्हटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलले. सात वाजता पान गेलं. घरी येऊन मी डोक्यावरून अंघोळ केली. ती सुतकाची नाही, उकाड्याची आहे, असं स्वतःला बजावलं आणि नळ सोडून हमसून हमसून रडले.

दहाव्याला गेले नाही. बोलावलंय कोणी?

अकराव्या दिवशी संतोष ऑफिसात आला. धाकटा भाऊ. डोकं भादरलेलं, त्यावर पांढरी टोपी. नऊ वर्षांत इतका आबांसारखा दिसायला लागला होता की मी उठूनच उभी राहिले. तो बसला नाही. खिशातून आमच्या पेपराचं कात्रण काढून त्यानं टेबलावर ठेवलं.

"ताई, तुला राग हाय, मला मान्य हाय," तो म्हणाला. "पण तेवढीच ओळ काढायची व्हती का गं?"

"कसली ओळ? उपकाराची? पश्चात एक मुलगी?"

"पश्चात नाय," तो म्हणाला. त्यानं दुसरा कागद काढला. वहीचं पान, घडीवर फाटत आलेलं. "आबा अठरा दिवस दवाखान्यात व्हते. ताईला फोन लावू का म्हणलं, तर म्हणाले, कोणत्या तोंडानं बोलू? मी गेल्यावर तिच्या पेपरात दे. तिच्या नजरंखालून गेल्याबिगर तिथं काय छापत नाय. बाकीचं मी लिहिलं. ही शेवटची ओळ त्यांची, त्यांच्या हातानं."

सलाईन लावलेल्या हाताची अक्षरं होती ती. काना एकीकडे, मात्रा एकीकडे. पण वाचता येत होतं.

पश्चात्ताप एक मुलगी.

"मी म्हणलं, आबा, हे चुकलंय, पश्चात पायजे. तर लय चिडले. म्हणाले, चौथी शिकलोय मी, मला कळतं काय लिहितोय ते. एक अक्षर बदलू नको. म्हणून मी जसंच्या तसं धाडलं."

मी ऑफिसचा मोबाईल उघडला. मंगळवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. संतोषचा मेसेज तसाच होता, कळ न लागलेला. पश्चात्ताप एक मुलगी.

फोन केला असता तर? नियमाप्रमाणे वाचून दाखवलं असतं तर संतोषनं तिथंच अडवलं असतं. नऊ वर्षांत आबांनी एकच वाक्य मला लिहिलं. त्यातलं अर्धं मी सवयीनं बदललं आणि उरलेलं रागानं खोडलं.

संतोषला कळेचं सांगायला तोंड उघडलं, पण "माझ्याकडून गेलं रे," एवढंच म्हटलं. त्याला वाटलं, मी मुद्दाम केलं तेच कबूल करतेय. त्यानं मान हलवली, वहीचं पान माझ्याकडे सरकवलं आणि जिना उतरून गेला. घरी ये असं तो म्हणाला नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

मुस्तकीमभाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "सोय मीच केली होती ताई," ते म्हणाले. "उद्या शुद्धिपत्रक टाकू या? चार ओळींची जागा काढतो."

"कोणासाठी?" मी म्हटलं. "ज्यांना दाखवायचं ते तर गेले."

त्या दिवसापासून ती कळ मी दाबत नाही. एकेक बातमी वाचते. पश्चात्ताप दिसला की फोन लावते. समोरच्या माणसाचा रडून घसा बसलेला असतो. मी विचारते, "तुम्ही पश्चात्ताप लिहिलंय. चुकून ना?"

सगळे म्हणतात, "हो ताई, चुकून. तेवढं पश्चात करून घ्या."

मग मी हातानं करते.