आधी त्यांचं पत्र

डॉक्टरांइतकी भोळी जमात मी बघितलेली नाही. पोट फाडताना हात थरथरत नाही, पण पगाराचं बोलायचं म्हटलं की मान खाली. म्हणून तर माझी चूल पेटते. हॉस्पिटलला डॉक्टर आणि डॉक्टरला हॉस्पिटल मिळवून द्यायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, हा माझा धंदा. सगळे मला मावशी म्हणतात. काम झालं की फोन उचलत नाहीत, ते सोडा.

त्या दिवशी माझ्यासोबत नवराबायको होते. ती भूलतज्ज्ञ, तो कातडीचा डॉक्टर. ती एका गावात नोकरीला, तो दुसऱ्यात, आणि त्यांची पोर तिसऱ्याच गावी, त्याच्या आईकडे. एकाच ठिकाणी दोघांना नोकरी आणि एक घर, एवढंच मागणं होतं. मी त्यांना घेऊन आले होते त्या हॉस्पिटलचं भूलतज्ज्ञावाचून फार अडलं होतं. कातडीचा डॉक्टर मात्र त्यांना नको होता. फोनवर हॉस्पिटल चालवणाऱ्या साहेबांनी दोघांना घेतो म्हटलं, दोन खोल्यांचं क्वार्टरही कबूल केलं. पण फोनवरच्या शब्दाला मी कवडीची किंमत देत नाही.

लिफ्टपाशी मी तिला बाजूला घेतलं. "सर्जन थिएटरमध्ये आल्याशिवाय तू पेशंटला झोपवतेस का गं?"

"छे! तो समोर दिसल्याशिवाय मी औषध देतच नाही."

"मग तसंच. आधी नवऱ्याचं नेमणुकीचं पत्र हातात, मग तुझी सही. तोवर पेनला हात लावायचा नाही."

केबिनमध्ये साहेब फार गोड बोलले. गोड बोलणाऱ्याची मला धडकीच भरते. चहा झाल्यावर म्हणाले, "मावशी, तुम्ही आणि सर जरा बाहेर बसता का? मॅडमशी थिएटरच्या कामाचं बोलायचंय."

झालं! एकटीला गाठायची जुनी युक्ती. पण नाही म्हणायची सोय नव्हती.

आम्ही दोघं दाराबाहेरच्या बाकड्यावर बसलो. दार नीट लागत नव्हतं, म्हणून आतलं दिसतही होतं आणि ऐकूही येत होतं. साहेबांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "तुमचं पत्र तयार आहे. सरांचं पुढच्या मीटिंगनंतर बघू. शब्द देतो." ती कागदाकडे बघत राहिली. मग तिने पेन उचललं.

तेवढ्यात शेजारचा उठला. मी त्याचा शर्ट धरेपर्यंत तो आत गेलासुद्धा. मी मागोमाग धावले.

"कर सही," तो बायकोला म्हणाला. "माझ्यामुळे तुझं नको अडायला. निदान पोरीला आई तरी मिळेल. मी येत जाईन रविवारी."

त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली मला. इतकी खटपट केली, ती ह्याने एका वाक्यात पाण्यात घातली! पण त्याचे कान लाल झाले होते. कुणाला नको असलेला माणूस म्हणून बाकड्यावर बसणं त्याला सोसलं नव्हतं, हेही मला दिसत होतं.

साहेब खूश. "सर समजूतदार आहेत."

"समजूतदार?" ती नवऱ्याकडे वळली. "पोरीला ताप आला तेव्हा मी धावत गेले, उचलून घेतलं, तर काय म्हणाली ती? 'डॉक्टर नको, आजी हवी.' मला म्हणाली, मला! आता तुला काय म्हणायला लावायचंय तिला? रविवारवाले काका?"

तिने पेनला टोपण घातलं आणि ते साहेबांपुढे ठेवलं. "सर, सर्जन आल्याशिवाय मी पेशंट झोपवत नाही. ह्यांचं पत्र आलं की सही करते. नाहीतर आम्ही निघतो."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी जो आधी तोंड उघडतो तो खड्ड्यात जातो. मी जीभ दाताखाली धरून पंख्याकडे बघत राहिले. मनात म्हटलं, बाई गं, आता रडू नकोस.

एका सिस्टरने दार ढकललं. "सर, उद्याच्या ऑपरेशनच्या पेशंटना रात्रीपासून उपाशी ठेवायचं का? नातेवाईक विचारतायत."

साहेबांनी माझ्या डॉक्टरीणबाईकडे पाहिलं. ती पेनकडे बघत होती.

"ठेवा," ते म्हणाले. "आणि ऑफिसात सांगा, सरांचं पत्र टाइप करून आणा."

पत्र आलं. मी दोनदा वाचलं, शिक्का बघितला, मग तिच्याकडे बघून मान हलवली. तिने सही केली.

बाहेर आल्यावर त्याने तिथूनच आईला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. "आई, झालं! दोघांनाही इथेच. पोरीला न्यायला येतो."

पलीकडून म्हातारी म्हणाली, "बरं झालं रे बाळा." आणि हळूच विचारलं, "मग तिचे कपडे सगळेच बांधू का? एखादा फ्रॉक राहू दे इथे?"

बायकोने फोन हिसकावून घेतला. "आई, तुमचेही बांधा. तुम्ही मागे राहणार असाल तर मी भांडले कशाला?"

"अगं, मी कुठे मावणार तुमच्यात?"

म्हातारीचं बरोबर होतं. क्वार्टर दोनच खोल्यांचं ठरलं होतं. मी नाक पुसलं, पिशवी काखेत मारली आणि परत साहेबांच्या दाराकडे वळले.