एलिहिओच्या दारावरची फांदी

मित्रांनो, हात लावणार असाल तर हलकेच लावा, कारण मी मऊ प्रवाळाची एक जुनी, वाळलेली फांदी आहे. 'वाळलेली, मग मऊ कशी?' असं विचारू नका. माणसांनी आमच्या कुळाला ते नाव दिलं आणि आम्ही ते निमूटपणे घेतलं.

कोलंबियाच्या किनाऱ्यावर, तगांगाच्या खाडीतल्या एका खडकावर माझा जन्म झाला. अंगभर इवली इवली तोंडं आणि प्रत्येक तोंडाभोवती आठ हात. आमचे भाऊबंद कोणी पंख्यासारखे, तर कोणी चाबकासारखे. पण आमच्यात तोंडावळ्यावर जाऊन भागत नाही. खरी ओळख असते अंगातल्या चुन्याच्या बारीक काट्यांत. ते भिंगाखाली पाहिल्याशिवाय कुणाचं कूळ ठरत नाही.

एकदा एलिहिओ कान्तियोच्या जाळ्यात आमचं अख्खं झाड अडकलं. एलिहिओ मासेमार, शिवाय तिथल्या संशोधन केंद्राचा पहारेकरी. त्याने आम्हाला केंद्रातल्या ओब्दुलियाबाईंच्या टेबलावर ठेवलं. बाईंनी काटे तपासले आणि चक्क टाळी वाजवली. "अरे, हे तर कुणाच्याच यादीत नाही!" त्यांनी आम्हाला नवं नाव दिलं, आणि आमचं झाड त्या नावाचा मूळ नमुना ठरलं. पुढे कधी कुणाला शंका आली, तर तोच नमुना काढून बघायचा. केवढा हा मान!

तो मान झाडाला मिळाला. मला मात्र एलिहिओने त्याच दुपारी, झाड अल्कोहोलच्या बरणीत जाण्याआधी, हळूच मोडून खिशात टाकलं. "जाळं माझं फाटलं, एक फांदी तर माझी!" असं स्वतःशीच पुटपुटला. घरी नेऊन त्याने मला दारावर ठोकलं आणि माझ्यावर गळ टांगायला सुरुवात केली. सत्तावीस वर्षं मी ते काम केलं. शेजारीपाजारी कौतुक करायचे. त्याची बायको लिब्रादा तेवढी कुरकुरायची. "ती काटकी घाल चुलीत!"

"असू दे गं. गळ काय तुझ्या नाकात अडकवू?"

आपल्या लोकांना नाव मिळालं आणि आपण दारावर लटकलो, याचं कधीकधी वाईट वाटायचं. खोटं कशाला सांगू?

मग एका सकाळी ओब्दुलियाबाई दारात आल्या. आता त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. सोबत यादिरा होती, त्यांची जुनी विद्यार्थिनी. सगळ्या मऊ प्रवाळांची नवी यादी करायला ती राजधानीहून आली होती. दोघींचे चेहरे उतरलेले.

"एलिहिओ, ते प्रवाळ कुठे सापडलं होतं रे? तिथे पुन्हा शोधायला हवं."

"बाई, तिथे आता धक्का बांधलाय. खडक केव्हाच फोडला."

बाई मटकन पायरीवर बसल्या. यादिराने सांगितलं, "बरणीत अल्कोहोलऐवजी फॉर्मॅलिन निघालं. त्यात सगळे काटे विरघळून गेले. काटे दाखवता आले नाहीत, तर बाईंनी दिलेलं नाव मला यादीतून काढावं लागेल. आयुष्यात त्यांनी दिलेलं एकुलतं एक नाव!"

"पण फॉर्मॅलिन घातलं कुणी?" एलिहिओने विचारलं.

"मीच," बाई मान खाली घालून म्हणाल्या. "कार्निव्हलचा सण आला होता. वाटलं, हा एलिहिओ आणि याचं टोळकं बरणीतला अल्कोहोल पिऊन टाकतील. फॉर्मॅलिनचं विष कोण पिणार? चार दिवसांनी बदलीन म्हटलं, आणि राहूनच गेलं."

"मी?" एलिहिओ उसळला. "अहो बाई, मी रम पितो, तीही स्वतःच्या पैशाने! मेलेल्या झाडाचं पाणी पिईन होय?"

बाई रडायलाच लागल्या. मग एलिहिओने माझ्याकडे पाहिलं आणि एकेक गळ उतरवायला लागला.

"बाई, रागावू नका. ही फांदी त्याच झाडाची आहे. मी चोरली होती."

"चोरा!" म्हणत बाईंनी मला छातीशीच धरलं.

केंद्रात माझं मोडलेलं टोक बरणीतल्या झाडाच्या खुंटाला लावून पाहिलं. तंतोतंत जुळलं! माझा नखाएवढा तुकडा काढून यादिराने त्यावर कपडे धुण्याचं ब्लीच टाकलं. मांस विरघळलं. ती भिंगावर वाकली, आणि काच पुढेमागे सरकवत राहिली. माझा जीव टांगणीला लागला.

"बाई, आहेत! सगळे काटे आहेत! तुम्ही काढलेल्या चित्रातल्यासारखे हुबेहूब!"

हुश्श! बाईंनी डोळे पुसले, एलिहिओने टोपी काढून तोंडावर वारा घेतला, आणि मला तर पुन्हा पाण्यात सोडल्यासारखं वाटलं.

"सत्तावीस वर्षं तुला दारुडा समजले रे," बाई म्हणाल्या.

"आणि मी सत्तावीस वर्षं तुमचा चोर. फिट्टंफाट!"

आता मी केंद्रातल्या कोरड्या खणात असते. जवळच्या चिठ्ठीवर बाईंनी दिलेलं नाव आहे आणि त्याखाली 'जपणारा : एलिहिओ कान्तियो'. 'चोरणारा लिहा, खरं तेच लिहा,' असं तो हटून म्हणत होता. बाईंनी ऐकलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वाळक्या काटकीला चुलीत घालण्याआधी एकदा नीट बघा, एवढं मागणं आहेच. पण मला जास्त वाटतं ते वेगळंच. त्या कार्निव्हलच्या आधी बाईंनी फक्त विचारायचं होतं, "एलिहिओ, तू पिशील का रे हे?" तो 'नाही' म्हणाला असता, आणि माझं सगळं झाड आज शाबूत असतं.