यादीत नसलेलं ऑपरेशन

अकरा. हायड्रोसील. टाकायचं आणि मोकळं व्हायचं.

शैलाचं पेन थांबलं. उठली. खिडकीपर्यंत गेली. परत आली.

सत्त्याऐंशी साल. बोईसरच्या त्या छोट्या इस्पितळात बिलं तीच करायची. कारखान्यांच्या योजनेची यादी टेबलाच्या काचेखाली: अपेंडिक्स, हर्निया, मुतखडा, प्रोस्टेट. ज्याचा त्याचा नंबर; हायड्रोसील, म्हणजे अंडकोषात साचलेलं पाणी, अकरा. नंबर नाही तर बिल पास नाही.

आणि वॉर्डात बुधा. कारखान्यात पिंप अंगावर आलं, ओटीपोटाचं हाड मोडलं, लघवीची वाट फाटली. मुंबईहून आलेल्या सर्जननी ती खालून उघडून ठेवली. जखम नीट भरली की दुसरं ऑपरेशन, मग वाट पुन्हा बंद करून सरळ. तोवर बायकांसारखं बसून.

याला नंबर?

नव्हताच.

"अकरा टाका हो," कारखान्याच्या ऑफिसातले नरहरी टेबलावर रेलले. "जागा तीच, चार बोटं इकडेतिकडे!"

"आणि दुसऱ्या ऑपरेशनला काय टाकू?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

तेव्हा काय बघणार? हायड्रोसीलचे टाके निघाले की फाइल बंद. दुसरं ऑपरेशन कोण मंजूर करणार? मग बुधा जन्मभर...

ती वॉर्डात गेली. बुधाची बायको तानी उशाशी.

"बाई, नाव काय बी लिवा. पण हा परत उब्यानं करंल ना? पाड्यावर पोरं हसतात याला."

"तू पन हसतंस," बुधा भिंतीकडे तोंड करून.

"मी नाय हसंल तर कोन?"

शैला परत टेबलाशी. नंबराचा रकाना कोरा. शेजारी, चौकटीबाहेर सांडेपर्यंत: लघवीच्या मार्गाची पुन्हा बांधणी. पहिला टप्पा. दुसरा बाकी.

"बिल परत येणार हे," नरहरी म्हणाले.

आलं. इस्पितळाचे मालक-डॉक्टर तापले. सर्जनची चिठ्ठी जोडून तिनं तेच लिहिलं. पुन्हा आलं. पुन्हा तेच. जेवताना उठायची, झोपेत उठायची, अकरा, अकरा.

मग एक दिवस बिल नाही, योजनेची नवी यादीच आली. तळाशी हातानं वाढवलेली ओळ. टप्पा एक, टप्पा दोन.

भातकापणी उरकल्यावर दुसरा झाला. लघवीची नळी काढली त्या दुपारी शैला टेबलाशी, अजून अस्वस्थ. तेवढ्यात आवारातून तानी ओरडली,

"अरं, तितं काय उबा ऱ्हायलास? आत संडास हाय!"

कुंपणाच्या भिंतीशी बुधा. पाठमोरा. हलेचना.

शैलानं हळूच खिडकी लावून घेतली.