रणधीरचे जहाज आणि आमचा कळप

मित्रांनो, मी एक म्हातारी शेळी आहे. माझे दात झिजले आहेत आणि बाभळीच्या शेंगा चावायला आता मला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो. रंग मात्र अजून काळाभोर आहे. माझ्या लांब कानांवर पांढरे ठिपके आहेत, म्हणून घरात मला बांडी म्हणतात. आमच्या जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले, एसटीच्या पाट्या बदलल्या, पण बाजारात आम्हाला अजूनही उस्मानाबादी शेळीच म्हणतात. स्वभावाने मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझी गोष्ट बरीचशी काळजीचीच आहे.

माझा जन्म माकणीचा, कडूबाईंच्या गोठ्यातला. गोठ्याच्या मागे उतार आहे आणि उतारावर उभे राहिले की तेरणेच्या धरणाचे पाणी दिसते. कडूबाईंच्या घरात शेत गड्यांचे आणि शेळ्या बायकांच्या, असा रिवाज आहे. दूध, करडे, बोकडाचे आलेले पैसे, सगळे बायकांच्या हातात. घरातल्या पुरुषाला शेळी विकायची असली तर त्याने आधी विचारायचे. या रिवाजाचे मोल मला पुढे कळले.

मी लहान असतानाच कडूबाईंनी मला आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला त्यांच्या भाचीकडे, उमादेवीकडे, अर्धेलीने दिले. अर्धेली म्हणजे शेळी एकीची, सांभाळ दुसरीचा आणि होतील ती करडे दोघींत निम्मी. मला ते मुळीच आवडले नव्हते. जीपमध्ये खताच्या पोत्यांशेजारी बसून मी वाशीपर्यंत ओरडत गेले. पण मी तिकडे असतानाच माकणीच्या गोठ्यात रोग शिरला. शेळ्यांच्या नाकातोंडातून पाणी वाहू लागले, डॉक्टर येईपर्यंत निम्म्या गेल्या आणि आल्यानंतर उरलेल्याही गेल्या. माझी आईही त्यांतच गेली. मग कडूबाईंनी मला परत आणले. आज त्या गोठ्यात जी करडे उड्या मारताना दिसतात, ती सगळी माझी लेकरे आणि नातवंडे आहेत.

कडूबाईंना एकच मुलगा, रणधीर. तो धाराशिवला हॉटेलचे शिकला आणि परदेशी प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात कामाला लागला. लोक त्या जहाजात बसून नुसते फिरतात, कुठे जायचे नसते तरी जातात, हे ऐकून कडूबाईंना फार नवल वाटले होते. पण पगार चांगला होता आणि पोरगा खूश होता. पुढे त्याचे शिवकन्येशी लग्न झाले. तो वर्षातला बराच काळ समुद्रावर असायचा आणि शिवकन्या आमच्यात असायची. माझी तीन बाळंतपणे तिने केली आहेत. हात असा हलका की वेदना निम्मी व्हायची.

मग करोना आला. सगळ्या जगातली प्रवासी जहाजे उभी राहिली. रणधीरला कित्येक आठवडे जहाजावरून उतरूच दिले नाही. शेवटी तो गावी आला तेव्हा त्याला शाळेच्या खोलीत वेगळे ठेवले. आम्ही शाळेमागे चरायचो, म्हणून मी रोज पाहायचे. शिवकन्या दारात भाकरी ठेवून लांब जाऊन उभी राहायची, आणि दोघे अंगणाएवढे अंतर ठेवून बोलत बसायचे. पुढे तो घरी आला, पण वाळला होता. पगार बंद होता. पुन्हा कधी बोलावतील ते कंपनीलाच ठाऊक नव्हते.

याच दिवसांत त्याच्या हातातल्या मोबाईलने माझी झोप उडवली. सोलापूरचा सोमेश नावाचा त्याचा दोस्त त्याच जहाजावर कामाला होता. त्याने सांगितले की त्यांच्या कंपनीच्या शेअरचा भाव पार कोसळला आहे. त्याने स्वतः थोडे घेतले होते. जहाजे सुटली की भाव चढणार, आत्ता घेईल तो शहाणा, असे त्याचे म्हणणे होते. रणधीरने हे घरी सांगितले. शेअर म्हणजे काय, असे कडूबाईंनी विचारले तेव्हा तो म्हणाला की ते आपल्या अर्धेलीसारखेच आहे. जहाज कंपनीचे, सांभाळ कंपनीचा, थोडा पैसा आपला आणि होईल त्यात आपला वाटा. कडूबाईंना ते लगेच पटले. इतके लगेच पटलेले पाहून मी रवंथ सोडून कान टवकारले.

कारण घरात पैसा नव्हता. जो काही होता तो चार पायांवर गोठ्यात उभा होता.

त्या वर्षी शेळ्यांचे बाजार बंद होते. बकरी ईद जवळ आली होती, पण व्यापारी गावात येईनात. ते मोबाईलवर फोटो मागवायचे आणि पडेल भाव सांगायचे. उमरग्याकडचा गुरुसिद्धप्पा नावाचा व्यापारी आमच्या घरचा जुना. रणधीरने त्याला आमचे फोटो पाठवले. माझाही पाठवला. गुरुसिद्धप्पाने कळवले की एकेक नको, सगळा कळप देत असाल तर चांगला भाव देतो, गुरुवारी टेम्पो घेऊन येतो. रणधीरने होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही.

मित्रांनो, गुरुवारपर्यंतचे ते दिवस मी कसे काढले ते माझे मला माहीत. समोर तुरीचे भुसकट पडलेले असायचे आणि मी नुसती उभी. रस्त्यावर कुठलीही गाडी वाजली की करडांना पोटाशी घ्यायचे. ईदेला बोकड जातात, हे आम्हाला माहीत असते. त्यासाठीच आम्हाला पाळतात, त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. पण गाभण शेळ्या, दूधपिती करडे, सगळेच एका टेम्पोत? मग माझ्यामागे काय राहणार?

रणधीर वाईट नव्हता. लोभीही नव्हता. तो संध्याकाळी गोठ्याच्या कुडाला टेकून उभा राहायचा, मोबाईलवर बातम्या वाचायचा आणि तेवढ्यात त्याचा विचार पालटायचा. एखाद्या बंदरात जहाजे सुटणार अशी बातमी आली की तो शीळ घालत घरात जायचा. दुसऱ्या दिवशी कुठेतरी रोग पुन्हा वाढलेला असायचा आणि तो कुडाची एकेक काडी मोडत उभा राहायचा. त्याला पैसा हवा होता हे खरे, पण मला वाटते त्याला त्या जहाजावाचून करमत नव्हते. आपण जिथे राबलो ते उभेच्या उभे बुडेल, हे त्याच्याने सहन होत नव्हते. शेअर घेतला की आपण त्याच्या बाजूने उभे राहिलो, असे काहीतरी त्याच्या मनात असावे.

बुधवारी संध्याकाळी तो शिवकन्येशी बोलायला गोठ्यातच आला. ती धार काढत होती. मी अगदी जवळ होते, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकला.

आपला हिशेब त्याने नीट मांडला. बाजार बंद पडला की बोकडाचा भाव पडतो. पण शहाणा माणूस तेव्हाच बोकड घेऊन ठेवतो आणि ईदेला विकतो. आपले वाडवडील हेच करत आले. जहाजाचा शेअर आत्ता पडला आहे, तोही असाच घेऊन ठेवायचा.

शिवकन्येने धार थांबवली नाही. ती म्हणाली, "अवो, ईद कधी हाय ते कॅलेंडरात लिवलेलं असतं. तुमच्या जहाजाची ईद कधी हाय?"

रणधीरने मोबाईल खिशात घातला.

मग तिने विचारले की उभ्या जहाजाला काही खर्च असतो का. तो खरे बोलणारा माणूस होता. त्याने सांगितले की उभे जहाजही पुरते बंद करता येत नाही, आत माणसे ठेवावी लागतात, इंजिन चालू ठेवावे लागते, डिझेल लागते. कंपनी जगण्यासाठी जड व्याजाने पैसे उचलते आहे, हेही त्याने वाचले होते. सांगता सांगता त्याचा आवाज उतरत गेला. तरी तो म्हणाला, "पन बुडायची न्हाय ती. लई मोठी कंपनी हाय."

"न्हाय बुडायची. म्या कुठं म्हनते बुडंल," शिवकन्या म्हणाली. तिने चरवी खाली ठेवली. "पन तुमची नोकरी त्याच जहाजावर हाय. आता शेळ्याबी त्याच जहाजावर चढवायच्या. आन् ते न्हाय सुटलं तर आमी कुठं उभं ऱ्हायचं?"

तिलाही भीती वाटत होती, जेवढी आमच्यासाठी तेवढीच नवरा दुखावेल याची. त्याला नाही म्हटले आणि भाव खरेच चढला, तर तो आयुष्यभर मनात ठेवील, असे तिला वाटत असणार. रणधीर माझ्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला. तो हात निरोपाचा आहे की कसला, ते मला कळेना.

कडूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. त्या म्हणाल्या, "रणधीर, तूच म्हनलास न्हवं, अर्धेलीवानी असतंय म्हनून? मंग मला सांग, अर्धेलीला कुनी आख्खा गोठा देतं का?"

"न्हाय."

"एक देत्यात. ती आली तर आली. न्हाय आली तर चूल बंद पडत न्हाय." त्यांनी गोठ्यावरून नजर फिरवली. "ईदेला एक बोकड जानारच हाय. त्येचा पैसा तुझा. जहाजात घाल न्हायतर धरनात टाक, म्या इचारनार न्हाय. बाकीच्याला हात लावायचा न्हाय."

रणधीरने मान हलवली. त्याला राग आला नाही. उलट कुणीतरी आपल्या डोक्यावरचे ओझे खाली उतरवून घ्यावे, तसा तो ओसरीवर जाऊन बसला. आणि मी, मित्रांनो, त्या क्षणी एवढी खूश झाले की कोणता बोकड, हे विचारायचेच विसरले.

गुरुवारी गुरुसिद्धप्पा आला. तोंडाला रुमाल बांधून तो गोठ्याबाहेरच उभा राहिला. सगळा कळप मिळणार नाही हे ऐकून तो थोडा कुरकुरला. मग म्हणाला, "अक्का, एकच द्यायचा तर चांगला द्या की." आणि त्याने बोट दाखवले ते तांबड्याकडे.

तांबड्या माझा मुलगा. आम्ही सगळी काळी, हा एकटाच तांबूस निपजला. त्याच्या वेळी मला दूध कमी होते, म्हणून शिवकन्येने त्याला बाटलीने वाढवले. तो तिच्या मागे मागे चुलीपर्यंत जायचा आणि कडूबाईंचा ओरडा खायचा. शिंगे अशी सुरेख की रस्त्याने जाणारा थांबून बघायचा. शिवकन्येने पदराचे टोक तोंडात धरले, पण ती नाही म्हणाली नाही. एक तर जायचाच होता. तांबड्याला वाटले फिरायला चाललो आहोत. तो आपण होऊन टेम्पोत चढला आणि फळीवरून मान काढून आमच्याकडे बघत राहिला.

त्या दिवशी माझा सारा कळप वाचला आणि माझे लेकरू गेले. आनंद मानावा की दुःख, हे मला आजही ठरवता आलेले नाही. मी घसा बसेपर्यंत ओरडले, एवढेच आठवते.

तांबड्याच्या पैशाचे रणधीरने मोबाईलवर बटण दाबून शेअर घेतले. घेतल्यावर भाव आणखी उतरला. त्याने दोन दिवस धड खाल्ले नाही, आणि घरात त्याला कुणी एका शब्दानेही बोलले नाही. मग भाव चढला, पुन्हा उतरला. आमच्या दुधावर आणि करडांवर घर चालत राहिले. बऱ्याच काळाने जहाजे सुटली, रणधीरला बोलावणे आले आणि तो गेला. शेअर मात्र त्याने अजून विकलेले नाहीत. का ते तो सांगत नाही.

आता तो समुद्रावरून फोन करतो. शिवकन्या गोठ्यात बसून बोलते. तो आधी आमची चौकशी करतो, कोण व्याली, किती करडे झाली. मग ती विचारते, "भाव काय म्हनतोय?" तो कधी चढलाय म्हणतो, कधी पडलाय. गोठ्यातल्या इतर शेळ्या रवंथ करत राहतात. मी तेवढ्यापुरती थांबते आणि कान देऊन ऐकते. चढलाय म्हटले की मला वाटते, माझा तांबड्या बरा आहे. पडलाय म्हटले की रस्त्याकडे तोंड करून उभी राहते. दुसऱ्यांसाठी तो एक आकडा असेल. माझे पोर कसे आहे, हे मला दुसऱ्या कुठून कळणार?

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल. कधी जहाजात, कधी आणखी कशात पैसा घालायचा विचार तुमच्या मनात येईल. जरूर घाला. त्याचा भाव बघा, त्याची बातमी वाचा, शहाण्या माणसाला विचारा. पण बटण दाबण्याआधी एकदा उठून आपल्या गोठ्याकडे जा, आणि जे देऊन टाकायला निघालात त्याच्या डोळ्यांत बघून या.