विकायला काढलेला मासा

नदी अमूल्य आहे, असं आमच्या गावच्या सभागृहाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. ते वाचून आजवर कुणी वाद घातलेला नाही. अडचण एवढीच होती की पाहणीला आलेल्या लेमेच्या तक्त्यात ‘अमूल्य’ लिहायची सोय नव्हती. आकडा नसेल तिथे संगणक आपणहून शून्य घालत होता.

आमच्या उत्तरेच्या थंड मुलखात पास्काल लेमे दक्षिणेकडच्या शहरातून विमानाने आला तो ऑगस्टात. वरच्या अंगाला धरण बांधून पाणी बोगद्यात वळवायचं चाललं होतं. वीज किती होईल आणि त्यापायी नदीचं काय काय जाईल, हे दोन्ही तराजूत घालून बघायचं काम त्याच्याकडे होतं. माणूस सरळ होता. विजेचं पारडं त्याने घरूनच भरून आणलं होतं. दुसरं भरायला तो आमच्याकडे आला.

पाणी वळलं की पहिल्यांदा जाणार होता तो हॅरिएट आजीचा खळाळ. गावाच्या वर नदी खडकांवरून फेसाळत उतरते. तिथे पायथ्याशी उभं राहून लांब दांड्याच्या जाळ्याने आजी पांढरे मासे काढते, तिची आई काढायची तसेच. ऑगस्टात निम्मं गाव तिथेच तंबू ठोकून असतं. रात्रभर पाण्याचा आवाज कानात भरत राहतो, त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांना स्वप्नंही पाण्याचीच पडतात.

“या माशाला भाव काय येतो?” लेमेने विचारलं.

“भाव?” आजीचा दीर सायमन म्हणाला. “दुकानात डब्यातला ट्यूना आहे. त्याचा भाव सांगतो हवा तर.”

“पण हा मासा विकत कोण घेतं?”

“अरे, शेजाऱ्याला मासा विकतं का कुणी?” आजीला हसू आवरेना. “कुणी वाढवलं रे याला?”

लेमेने खिन्नपणे संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. मासे: शून्य. “एक तरी विक्री माझ्या डोळ्यांसमोर झाली पाहिजे, आजी. एकच. मग पुढचं मी नदीभर गुणून घेतो.”

तेव्हा असं ठरलं की नदी वाचवायला आजीने लेमेला एक मासा विकायचा. सायमनने तालीम घेतली.

“वीस डॉलर म्हणायचं, वहिनी. आणि गप्प बसायचं.”

“गप्प का?”

“धंद्यात बसतात.”

“म्हणून तुला कधी जमला नाही.”

सकाळी धुकं इतकं होतं की पलीकडचा काठ होता की नाही, हेही कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं नसतं. माणसं कमरेपासून वरच तेवढी दिसत होती, ढगात लावून ठेवल्यासारखी. आजीने जाळं फिरवलं आणि हातभर लांब मासा वर आला, चंद्र भिजत घातल्यासारखा. लेमे नोट धरून पुढे झाला. आजीने नोटेकडे पाहिलं, मग त्याच्या बुटांकडे.

“पाय भिजलेत की तुझे. आधी शेकोटीपाशी चल.”

मासा काठीला लावून भाजला गेला. पहिला तुकडा तिने आगीला दिला, दुसरा लेमेला, जाडजूड रोटीवर ठेवून. तंबूत देवदाराच्या ताज्या फांद्या अंथरलेल्या होत्या. लेमे त्यांच्यावर जरा टेकला आणि पाण्याच्या आवाजात बुडाला.

त्याच्या स्वप्नात, हे त्यानेच मागाहून सांगितलं, नदी सभागृहात आली. कोपऱ्यात कातडी तोलायचा जुना काटा आहे, त्याच्यापाशी थांबून तिने अदबीने विचारलं, “उभी राहू की आडवी पडू?” लेमे नियम शोधत राहिला. नदी खोळंबली होती, आणि पाणी त्याच्या गळ्याशी आलं तरी तिने घाई केली नाही.

तो उठला तेव्हा ऊन कललं होतं. अंगावर घोंगडी होती. भिजलेली नोट दोरीवर वाळून पुन्हा त्याच्या खिशात आली होती.

“आता तरी, वहिनी,” सायमन काकुळतीला आला.

आजी नवा मासा घेऊन लेमेसमोर उभी राहिली. “वीस डॉलर,” ती म्हणाली आणि गप्प बसली.

लेमेने नोट दिली. तिने घेतली. तंबूंचा सगळा तळ श्वास रोखून बघत होता; मला तर वाटलं, खळाळही क्षणभर थांबला.

“घरी कोण कोण असतं?” आजीने विचारलं.

“बायको. दोन मुली.”

“मग एका माशात कसं भागेल?” तिने आणखी तीन मासे त्याच्या पिशवीत घातले आणि वर नोटही कोंबली. “ही ठेव. वाटेत लागेल.”

सायमन खडकावर मटकन बसला. “अगं, अशाने नदी जाईल आपली!”

“कळतंय रे मला,” आजी म्हणाली. या खेपेला ती हसली नाही. “पण पाहुण्याचे पैसे घ्यायचे आणि उद्या त्याच पाण्यात जाळं टाकायचं? कुठल्या तोंडाने?”

लेमे गेला तेव्हा त्याच्या सामानाला माशाच्या धुराचा वास होता. पुढे महिनाभर आजी खळाळापाशी बसून राहायची, जाळं न टाकता. आवाज पाठ करतेय, असं सायमनला सांगायची.

ऑक्टोबरात दक्षिणेत गॅस स्वस्त झाला, त्यापुढे धरणाची वीज महाग ठरली आणि धरण रद्द झालं. लेमेचा अहवाल जानेवारीत आला. त्यात माशाची किंमत शून्य होती.